नापास नाण्यांचा डबा

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर वजनाची यंत्रं दुरुस्त करत हिंडले. स्टेशनवर, सिनेमागृहाबाहेर, इस्पितळाच्या दारात उभी असतात ती. वर काचेमागे फिरणारी रंगीत चकती, खाली उभं राहायची पाटी, आणि नाणं टाकलं की खटकन बाहेर येणारं जाड तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला तुमच्या स्वभावाबद्दल दोन ओळी. "आपण मनमिळाऊ असून लवकरच आपला भाग्योदय होईल." माझा भाग्योदय त्या यंत्रांनी निदान चाळीस वेळा जाहीर केला असेल. मी अजून पोस्टाच्या काउंटरवरच आहे.

भाऊजी अंगाने काटकुळे आणि बोलायला त्याहून बारीक. माझी बहीण होती तोपर्यंत दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेल्यावर घरात एवढी शांतता झाली की मी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं तरी ते पहिला अर्धा तास घसा साफ करण्यातच घालवत. मी दोन गल्ल्या सोडून राहते, एकटी. माझं लग्न का झालं नाही ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मी सांगणार नाही.

भाऊजींना एका विषयावर मात्र बोलतं करता येई. यंत्र नाणं कसं ओळखतं, हे विचारायचं. मग हातातला घास हातात ठेवून ते सांगत. नाणं खाचेतून आत गेलं की आधी त्याची रुंदी मोजली जाते. मग ते एका चुंबकापुढून घसरतं, म्हणजे लोखंडी चकती टाकणारे लबाड तिथेच अडकतात. शेवटी ते एका इवल्याशा तराजूवर पडतं. वजन बरोबर असेल तर तराजू खाली झुकतो आणि तिकीट सुटतं. "यंत्राला छाप दिसत नाही, साल दिसत नाही, देश कळत नाही," ते म्हणत. "वजन कळतं. बास."

त्यामुळे पैशांच्या पेटीत खऱ्या नाण्यांबरोबर काय वाट्टेल ते निघायचं, आणि यंत्रायंत्राचं नाणं वेगळं असल्याने वेगवेगळ्या वजनाचं. कुठल्या कुठल्या देशांची नाणी, कधीच चलनातून गेलेली, झिजून गुळगुळीत झालेली, कँटीनची टोकनं, घासून घासून मापात बसवलेल्या चकत्या. कंपनीचा कॅशियर ती वेगळी काढायचा आणि "नापास" म्हणून भाऊजींकडे सरकवायचा, कारण दुरुस्तीनंतर यंत्र तपासायला अशी खोटीनाटी नाणी लागतात. भाऊजींनी ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि झाकणावर रंगाने लिहिलं: नापास. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने पाने, पक्कड, गणवेश, पिशवी, सगळं मोजून परत घेतलं. डबा कुणी मागितला नाही.

आता चिल्लरबद्दल सांगते. चिल्लर म्हणजे त्यांची नात, माझ्या भाचीची मुलगी. जन्मली तेव्हा दोन किलोलाही शंभर ग्रॅम कमी होती. भाऊजींनी तिला दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले, आणि नर्सने काटा वाचायच्या आधी आकडा सांगितला. मग म्हणाले, "अगदीच चिल्लर आहे." तेच नाव पडलं. ती चार वर्षांची असताना माझी भाची आठवड्याभराच्या आजारात गेली. जावई पोरीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. माणूस वाईट नव्हता. सासऱ्यापुढे उभं राहिलं की त्याला बायको आठवायची आणि मग त्याला तिथून पळायची घाई व्हायची. ठरलं ते एवढंच: महिन्याचा दुसरा रविवार, तीन ते पाच, चिल्लर आजोबांकडे.

पहिले चारपाच रविवार मी पाहिलेत. आजोबा खुर्चीत, हात गुडघ्यांवर. नात समोर पलंगाच्या कडेला, पाय लोंबते, नजर घड्याळावर. मी चहा करायच्या निमित्ताने आत-बाहेर करायची आणि काहीतरी बडबडायची. पाचला जावयाची हाक आली की दोघंही सुटल्यासारखी उठायची. तिला निरोप देऊन भाऊजी दार लावत आणि मग दाराकडेच बघत बसत. एकदा ते मला म्हणाले, "ती मोठी झाली की यायची नाही. का म्हणून येईल?" त्यांच्या तोंडून एवढी सरळ भीती मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढच्या रविवारी त्यांनी डबा काढला. सगळा नाही उघडला. आधीच एक नाणं वेगळं काढून ठेवलं होतं. घरात जुन्या वजनाच्या तिकिटांची थप्पी होती, तीच तिकिटं त्यांनी वापरली. दोन तिकिटांना मधोमध नाण्याहून जरासं लहान भोक पाडायचं, नाणं आत बसवायचं, कडेने सुईदोरा घालायचा. झाली चौकट. वर शाईने वजन: सहा ग्रॅम. आणि तिकिटाच्या मागच्या ओळी तशाच राहिलेल्या. चिल्लरला नुकतं वाचता यायला लागलं होतं. तिने एकेक अक्षर लावत वाचलं, "आपण खर्चिक आहात." मग नाण्याकडे बघून विचारलं, "हे खर्चिक आहे?" भाऊजी म्हणाले, "असेल. एवढ्या लांबून आलंय." ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

त्यानंतर दर रविवारी एक नाणं. संग्रह लावायचा तोही वजनाने. हलकं आधी, जड मागे. जावयाने एकदा चाळून बघितलं आणि भीतभीतच म्हणाला, "बाबा, नाणी देशांप्रमाणे लावतात. किंवा सालाप्रमाणे." भाऊजी म्हणाले, "लावत असतील." विषय संपला. त्यांचा खेळच वजनाचा होता. "डोळे मिट," ते म्हणायचे आणि तिच्या तळहातावर नाणं ठेवायचे. ती ओठ आवळून हात वरखाली करायची आणि सांगायची, "जहाजवालं." वर्षभरात तिचा अंदाज क्वचितच चुकू लागला. मी प्रयत्न केला तेव्हा मला कधीच जमलं नाही. पोस्टात मी रोज शंभर पाकिटं तोलते, पण ती काट्यावर.

त्या डब्यात एक पितळी चकती होती, तिची गोष्ट चिल्लरला पुन्हा पुन्हा लागायची. नळाच्या कामातलं वॉशर. मधलं भोक कुणीतरी शिसं ओतून बुजवलं होतं आणि कडा कानशीने इतक्या निगुतीने घासल्या होत्या की वजन हुबेहूब खऱ्या नाण्याएवढं भरत होतं. पितळ असल्यामुळे चुंबकालाही दाद देईना. इस्पितळापुढच्या यंत्रात अशा अकरा चकत्या निघाल्या, आठवड्याला एक, एका उन्हाळ्यात. दहा कॅशियरने फेकून दिल्या, अकरावी भाऊजींनी ठेवली. चिल्लर विचारायची, "त्या माणसाने एवढा त्रास का घेतला?" भाऊजी सांगायचे, "त्याला दर आठवड्याला वजन बघायचं असेल. वाढतंय का ते." "मग अकराच का?" "बरा झाला असेल." मी तेव्हा त्यांच्याकडे बघायची आणि ते माझ्याकडे बघायचं टाळायचे.

"ती चकती मला कधी देणार?" चिल्लर विचारायची. "तिची पाळी आली की," आजोबांचं उत्तर.

पाळी म्हणजे काय, ते मला एकदा डबा पुसताना कळलं. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर एक ते एकशे छप्पन आकडे. दिलेल्या नाण्यांच्या आकड्यांवर रेघ. मी हिशेबात कच्ची नाही. वर्षाची बारा, तेरा वर्षं. म्हणजे पोरगी पाच वर्षांची होती तेव्हापासून अठराची होईपर्यंत त्यांनी तिच्या येण्याची सोय करून ठेवली होती. मला हसू आलं आणि रागही आला. म्हणजे पोर आजोबांसाठी येत नाही, नाण्यासाठी येते, असंच धरून चालले होते हे.

ती आठ वर्षांची झाली आणि जावयाची बदली झाली. लांब. रेल्वेने दीड दिवस. निघायच्या आधीचा शेवटचा दुसरा रविवार आला. सकाळीच मी भाऊजींकडे गेले आणि सांगितलं, "आज डबा देऊन टाका. सगळा."

तीन वाजता चिल्लर आली. भाऊजींनी खिशातून एक चौकट काढली. एक. छत्तिसावी. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि माझं डोकं फिरलं. मी पोरीसमोरच म्हणाले, "किती हात आखडता घ्याल? तुमचा जीव पोरीत आहे का नाण्यांत? इतका चिकट माणूस मी बघितला नाही."

चिल्लरने चौकट छातीशी धरली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी हिसकावून घेतेय. भाऊजी शांतपणे म्हणाले, "सगळी दिली तर मग राहिलं काय, पोस्टमास्तरीणबाई?" ते मला चिडवायला नेहमी पोस्टमास्तरीण म्हणत. त्या दिवशी त्यात चिडवणं नव्हतं. पाचला पोरगी गेली. तिच्या मागोमाग मीही निघाले आणि जाताना दार आपटलं, हे कबूल करते.

दीड महिना आमचं बोलणं बंद. रविवारी मी दोघांपुरतं शिजवायची आणि सोमवारी तेच डब्यात घेऊन ऑफिसला जायची. मग एका रविवारी भाऊजी आपणहून आले. खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी एक पत्र माझ्यापुढे धरलं. "वाचा. म्हणे चिकट."

चिल्लरचं पत्र होतं. "आजोबा, नाणं मिळालं. फार फार छान आहे. मी हातात धरून बघितलं, चार ग्रॅमच आहे. कडेला रेघा आहेत त्या मला आवडल्या." तर ठरलेल्या रविवारची नाणी आता टपालाने जात होती. फोन होता की, पण फोनवर बाप शेजारी उभा आणि पोरीचं "हो", "नाही", "बरं" एवढंच. पत्रात ती बोलायची. मी विचारलं, "पाकीट कुठे टाकलंत?" म्हणाले, "स्टेशनच्या पेटीत." माझं काउंटर त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर आणि स्टेशन पंचवीस. माझ्याकडे यायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. मीही "बरं" म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. एका शब्दाने विचारायला हवं होतं. रोज तेच काम करणारी बाई मी.

त्यानंतर दर महिन्याला पत्र आलं की ते माझ्याकडे यायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. "पक्षी गंमतशीर आहे." "हे जरा जड आहे, सात ग्रॅम." आणि मग एका महिन्यात, "आजोबा, चकती आली! मी ती कुणाला देणार नाही." भाऊजींनी ते पत्र खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. चकती सहाव्या पाकिटातून गेली होती. पोरगी नव्या गावात रुळावी म्हणून चकतीची पाळी अलीकडे ओढली, म्हणाले. यादीतला क्रम त्यांनी तोडला, याचंच मला नवल वाटलं.

आमच्या पोस्टात सकाळी मी काउंटरवर असते आणि दुपारी मागच्या खोलीत, पत्रांच्या छाटणीला; स्टेशनच्या पेटीतलीही तिथेच येतात. तिथे शिक्के मारायचं यंत्र आहे. दोन रबरी रुळांमधून ते पाकीट ओढून घेतं. आत काही टणक असलं की रूळ त्याला पुढे दाबतात, पाकिटाचा कोपरा फाटतो आणि ती वस्तू खाली पडते. पाकीट पुढे निघून जातं. खाली पडलेलं एका ट्रेमध्ये ठेवतात: किल्ल्या, बटणं, केसाच्या पिना. सहा महिन्यांनी एकदा तो ट्रे आवरायचा, आणि या खेपेला पाळी माझी होती.

पिनांच्या खाली नाणी होती. सहा. एकावर पक्षी होता, तो खरंच गंमतशीर होता. एकाच्या कडेला रेघा होत्या. आणि पितळी चकती होती, मधलं भोक शिशाने बुजवलेली.

मी स्टुलावर बसले. सगळं डोळ्यापुढे आलं. भाऊजींनी घरच्या काट्यावर पाकीट तोललं असणार. तिकिटाच्या चौकटीसकट पाकीट एका टपाल-तिकिटाच्या मर्यादेच्या वर दोन ग्रॅम जात असणार. म्हणून चौकट काढून नाणं नुसतं पातळ कागदात गुंडाळलं असणार. वजन अचूक. त्यांचं वजन कधी चुकलं नाही, आणि बाकी सगळं चुकलं.

पण मग ती पत्रं? मला खरं सांगायचं तर पोरीचा राग आला. एवढीशी पोर, धडधडीत खोटं लिहिते? की बाप सांगून लिहून घेतो, म्हाताऱ्याचं मन राखायला? मी भाऊजींना काही बोलले नाही. चिल्लरला पत्र टाकलं, उत्तर पोस्टाच्या पत्त्यावर पाठव म्हणून. एकच प्रश्न विचारला: बाळ, पाकिटात नाणं असतं का?

दहा दिवसांनी उत्तर आलं.

"मावशीआजी, नाणं नसतं. एकदा पण नव्हतं. पाकिटाचा कोपरा फाटलेला असतो. पण आजोबा आत लिहितात ना, किती ग्रॅम आहे आणि कड कशी आहे, त्यावरून मला समजतं. तू आजोबांना सांगू नकोस. पोचत नाही म्हटलं तर ते पाठवायचं बंद करतील, मग पत्र कसं येईल? बाबांना पण माहीत नाही. इथे माझी अजून कुणाशी ओळख झाली नाही."

मी ते काउंटरवरच उघडलं होतं. समोरचा माणूस तिकिटं मागत होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. मला रडू आलं आणि ते आवरेना. आजोबांना वाटत होतं, नाणी संपली की नात संपेल. नातीला वाटत होतं, नाणी थांबली की आजोबा थांबतील. आणि दोघांनाही जे हवं होतं ते त्या फाटक्या पाकिटातून दर महिन्याला बिनबोभाट पोचत होतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण पोरीने नको म्हटलं होतं. मी मधला मार्ग काढला. रविवारी भाऊजींना म्हणाले, "नवा नियम आलाय. पाकिटात नाणं असेल तर ते चौकटीत शिवलेलं पाहिजे आणि पाकीट काउंटरवरच द्यायचं." ते म्हणाले, "दोन ग्रॅम जास्त होतील." मी म्हणाले, "ते दोन ग्रॅम माझ्याकडून." कुरकुरत का होईना, ते आले. मी पाकिटावर हाताने शिक्का मारला, मशीनजवळ जाऊ दिलं नाही आणि पिशवीत स्वतः ठेवलं.

तिचं उत्तर घेऊन ते नेहमीसारखे आले. चष्मा लावला, मोठ्याने वाचायला लागले. "आजोबा, या वेळी नाणं खरंच मिळालं. मी डोळे मिटून हातात..." आणि थांबले.

मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

"खरंच मिळालं, असं का लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येतं, काउंटरवर रोज बोलते. पण माझा चेहरा बहिणीसारखा आहे आणि तो वाचायची त्यांना तीस वर्षांची सवय.

"किती?" ते म्हणाले.

"सहा. सगळीच. मशीनमध्ये फाटतात पाकिटं. नाणी आहेत माझ्याकडे... म्हणजे ऑफिसात आहेत."

"आणि तिला माहीत होतं."

"तिनेच सांगू नको म्हटलं. पाठवायचं बंद कराल म्हणून."

ते बराच वेळ पत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "सहा महिने, एवढीशी पोर मला सांभाळत बसली." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी ताटं वाढली. जेवले मात्र नीट.

दुसऱ्या दिवशी काउंटर उघडताच रांगेत पहिले तेच. बगलेत डबा. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "रजिस्टर पार्सल. सातशे चाळीस ग्रॅम आहे." मी काट्यावर ठेवला. सातशे तीस. "तुमचा काटा दहा ग्रॅम खातो," ते म्हणाले.

"सगळी पाठवताय?" मी विचारलं.

"सगळी. ती सहाही घाला यात. आता लिहायचं तर लिहील, नाही तर नाही. आमिष दाखवून किती दिवस बोलवायचं?" झाकणाच्या आतला कागद त्यांनी काढून घेतला होता. त्या जागी गोंदाचा चौकोनी डाग राहिला होता. पावती घेऊन ते निघाले तेव्हा रिकाम्या बगलेचं काय करावं ते त्यांना कळेना. हात उगाच अंगाशी धरून ते चालत गेले.

ती सहा नाणी सोडवायला मी पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज लिहिला. अर्जदाराचं नातं: मेहुणी. साहेब म्हणाले, "घेऊन जा बाई, कशाला एवढं." मी मागच्या खोलीत बसून आधी डब्यात चिल्लरसाठी चिठ्ठी ठेवली, छाटणीच्या ट्रेमध्ये तुझी सहाही नाणी सापडली म्हणून, आणि मग एकेक नाणं घातलं. पक्षी. रेघा. जड सात ग्रॅमचं. पाच घातली. चकती हातात राहिली. मी डोळे मिटून ती तोलून बघितली. मला काहीच कळलं नाही. तरी मी ती तशीच धरून बसले, डबा बांधायचा पोऱ्या सुतळी घेऊन येईपर्यंत. मग डबा बांधला, लाख लावली, आणि चकती माझ्या ड्रॉवरमध्ये गेली, शाईच्या पॅडखाली. विसरले असं मी म्हणू शकते. विसरले नव्हते.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. चिल्लर आजोबांना लिहिते. दर महिन्याला नाही. कधी दोन पत्रं लागोपाठ येतात, कधी अडीच महिने काही नाही. भाऊजी दुसऱ्या रविवारी तीन वाजता अजून खुर्चीत बसतात, हात गुडघ्यांवर. पत्र आलं की मला वाचून दाखवतात. नाही आलं तर म्हणतात, "शाळा असेल," आणि दाराकडे बघतात. शाळेत मैत्रिणी झाल्यात तिला, हेही त्या पत्रांतूनच कळलं. मी म्हणाले, चांगलं झालं. ते म्हणाले, चांगलंच झालं.

मला मात्र दर महिन्याला पत्र येतं. पोस्टाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. चाळीस वर्षं या ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं वाटली, चिल्लरच्या त्या एका उत्तराआधी माझ्या नावाचं कधी काही आलं नव्हतं. त्यानंतरचं पहिलं आलं पार्सल पोचल्यावर: "मावशीआजी, पाचच आहेत. चकती नाही. ट्रेमध्ये परत बघशील? आजोबांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." मी लिहिलं, बघते. पुढच्या महिन्यात पुन्हा आलं, चकती सापडली का, आणि खाली शाळेबद्दल चार ओळी, तिचा पडलेला दात, नवी बाई. मी लिहिलं, अजून नाही, शोधतेय, आणि खाली माझ्याकडच्या चार ओळी. आता अकरा पत्रं झाली. भाऊजींना मी पोरीसमोर चिकट म्हणाले होते, ते रोज आठवतं.

काल बारावं आलं. मी ड्रॉवर उघडला, पॅड उचललं, चकती आहे ना ते बघितलं. मग इनलँड पत्र घेतलं आणि लिहायला बसले: बाळ, अजून सापडली नाही, पण मी शोधणं सोडलेलं नाही.